भिंतीला भोक पाडण्याआधी

गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "चार कॅमेऱ्यांचे किती होतील?" सातारा असो, कराड असो, सांगली असो, फोनवर आधी आकडा हवा असतो. मी उलट विचारतो, "बघणार कोण?" आणि त्याला जोडूनच, "काही दिसलं तर जाणार कोण?" या दोन प्रश्नांची उत्तरं घरातल्यांनी आपसांत बोलून ठरवली, की कॅमेरे किती, कुठल्या भिंगाचे, किती उंचीवर, वायर कुठून न्यायची, रेकॉर्डिंग साठवणारा डीव्हीआर कुठे ठेवायचा, हे सगळं त्यातूनच निघत जातं. उत्तरं नसतील तर भारीतली भारी सिस्टीमही वर्षभरात भिंतीवरची शोभा होऊन बसते. म्हणून मी आधी घरच्यांबरोबर बसतो, चहा घेतो, घराभोवती दोन चकरा मारतो. ड्रिल तोवर पिशवीतच असतं.

माझं सीसीटीव्ही बसवण्याचं काम सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत चालतं. इथल्या घरांची एक गोष्ट पुण्या-मुंबईहून वेगळी आहे. घर इथे, कमावती माणसं तिकडे. पाटण आणि जावळीच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं कित्येक वर्षं मुंबईत माथाडीच्या कामावर आहेत. खानापूर, आटपाडी, तासगावकडची कुटुंबं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या कामात, देशभर पांगलेली आहेत. दुष्काळानं बाहेर काढलेली ही माणसं केरळात, तमिळनाडूत, दिल्लीकडे स्थिरावली. गावाकडे मात्र त्यांनी दोन-दोन मजली बंगले बांधले. टेंभू सिंचन योजनेचं पाणी आलं, रानं हिरवी झाली, तरी बंगल्यांची कुलपं जत्रेला आणि दिवाळीलाच निघतात. मागे राहते ती म्हातारी आई, नाहीतर कुणीच नाही. या भागात कॅमेरा चोरासाठी बसतो हे खरंच, पण त्याहून जास्त तो लांब गेलेल्या लेकासाठी बसतो. आणि तिथूनच आखणीची खरी अडचण सुरू होते. बघणारा आठशे किलोमीटरवर असतो आणि राहणाऱ्याला कुणी काही विचारलेलं नसतं.

विट्याजवळच्या एका गावातला असाच एक बंगला. मुलगा कोइमतूरला. त्यानं फोनवर सांगितलं, "आठ कॅमेरे लावा, एकही कोपरा सुटता कामा नये. पैशाचा विचार करू नका." घरात सत्तरीच्या पुढच्या आई एकट्या. मी त्यांच्याबरोबर घराभोवती फिरलो. त्या काठी टेकत चालत होत्या आणि कुठला कोपरा काय कामाचा ते सांगत होत्या. इथं शेण्या ठेवते, इथं पोरं बॉल काढाय येत्यात, हितनं कोण येत न्हाई. शेवटी गेटपाशी थांबून म्हणाल्या, "मला त्या आठ-फाटाचं काय कळत न्हाई बाळा. रात्री कुत्री भुकाय लागली की उठून दार उघडावं का न्हाई, एवढंच मला कळंना झालंय. त्याचं काय करता आलं तर बघ."

हे ऐकल्यावर आठ कॅमेऱ्यांचा बेत तिथेच बदलला. आजींना कोपरे नको होते. अंथरुणावरून न उठता गेट दिसायला हवं होतं, बाहेरचा दिवा लावता यायला हवा होता आणि जो आलाय त्याला आतूनच "कोण हाय?" विचारता यायला हवं होतं. मी त्यांच्या पलंगाच्या उशाशी छोटा स्क्रीन बसवला, तो फक्त गेट दाखवतो. शेजारी बाहेरच्या दिव्याचं बटण. गेटच्या कॅमेऱ्याला माईक आणि स्पीकर. बाकी पुढची पडवी, मागचं दार आणि जिन्याची बाजू, असे मिळून चार कॅमेरे पुरले. मुलाला फोनवर समजावून सांगितलं, तर त्याला आधी वाटलं मी काम कमी करतोय. मग म्हणाला, "आईनं हे मला कधी सांगितलंच नाही."

घरासाठीच्या कॅमेऱ्याचा जन्म अशाच गरजेतून झाला हे मला नंतर वाचनात आलं, तेव्हा फार आनंद झाला होता. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मारी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या परिचारिका होत्या. कामाच्या वेळा आडनिड्या, नवराही बऱ्याचदा रात्री बाहेर, आणि हाक मारली तर पोलीस वेळेवर येतील याची खात्री नाही. 1966 मध्ये त्यांनी आणि त्यांचे पती अल्बर्ट यांनी पेटंटसाठी अर्ज केला, 1969 मध्ये ते मिळालं. दारावर वेगवेगळ्या उंचीची भोकं, त्यामागे वरखाली सरकणारा कॅमेरा, झोपायच्या खोलीत चित्र दाखवणारा पडदा, बाहेरच्याशी बोलायची सोय, दार उघडायचं बटण आणि मदत बोलवायचं बटण. आज दुकानात डोअर फोन म्हणून जे मिळतं ते सगळं त्यात आहे. ती रचना रात्री घरात बऱ्याचदा एकट्या असणाऱ्या बाईनं स्वतःच्या गरजेतून काढली होती, म्हणून त्यात बोलायची सोय होती आणि पडदा झोपायच्या खोलीत होता.

आता भिंगाविषयी. बाजारात घरासाठी जो कॅमेरा हातात दिला जातो त्याचं भिंग बहुधा 2.8 मिमीचं असतं. त्यात शंभर अंशांच्या आसपासचा पसारा मावतो, म्हणून गिऱ्हाईक खूश होतं; अख्खं अंगण दिसतं, रस्ता दिसतो, समोरच्याचं घरही दिसतं. पण 2 मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे ठिपके 1920 च. दूध तेवढंच, पाणी घालून पातेलं भरलं तर ते पातळ होणारच. अनोळखी माणूस नक्की ओळखता यावा यासाठी आंतरराष्ट्रीय मानकात एका मीटरला 250 ठिपके धरले आहेत. हिशेब केला तर 2.8 मिमीच्या भिंगानं एवढा तपशील जेमतेम दहा-अकरा फुटांपर्यंत मिळतो. गेट चाळीस फुटांवर असेल तर चेहऱ्याच्या वाट्याला दहाएक ठिपके येतात. माणूस आला होता एवढं कळतं, कोण ते कळत नाही. गेटवर 6 मिमीचं भिंग लावलं तर दिसणारा भाग अरुंद होतो, पण पंचवीस-सव्वीस फुटांपर्यंत चेहरा ओळखू येतो. म्हणून मी घराला दोन तऱ्हेचे डोळे ठेवतो. एक रुंद, हालचाल कळण्यासाठी. दुसरा अरुंद, ज्या एका जागेवरून प्रत्येकाला जावंच लागतं त्या जागेवर रोखलेला. गेटची फट, जिन्याची पहिली पायरी, पडवीचं दार.

उंचीचंही तसंच. लोक म्हणतात, "हाताला लागणार नाही इतका वर लावा." पंधरा फुटांवर लावलेल्या कॅमेऱ्याला टोपी दिसते, टक्कल दिसतं, चेहरा दिसत नाही. चेहऱ्याचा कॅमेरा मी आठ-साडेआठ फुटांवर लावतो आणि त्याच्यावर नजर ठेवणारा दुसरा कॅमेरा उंचावर.

आखणीची दुसरी चक्कर मी नेहमी अंधार पडल्यावर मारतो. दिवसा सरळ वाटणारं अंगण रात्री वेगळं असतं. ग्रामपंचायतीचा दिवा नेमका कॅमेऱ्याच्या तोंडावर येतो, नाहीतर पांढऱ्या चुन्याची भिंत इतकी जवळ असते की कॅमेऱ्याचाच इन्फ्रारेड उजेड तिच्यावर आपटून परत येतो आणि बाकी सगळं काळं पडतं. कॅमेऱ्यापाशी किडे येतात, किड्यांसाठी कोळी जाळं विणतो, कोळ्यासाठी पाल येऊन बसते. मग कोइमतूरच्या फोनवर रात्री दर पाच मिनिटांनी "हालचाल आढळली" असा निरोप जातो. आठवडाभरात माणूस निरोपाचा आवाज बंद करून टाकतो, आणि बघणारा संपतो. यावर उपाय साधा आहे. थोड्या अंतरावर एक वेगळा दिवा लावायचा, कॅमेऱ्यातला इन्फ्रारेड शक्य तिथे बंद ठेवायचा, निरोप फक्त माणूस किंवा गाडी ओळखली तरच जाईल असं लावायचं, आणि दर पंधरवड्याला कुणीतरी काठीला फडकं बांधून काचेवरून फिरवायचं. हे "कुणीतरी" कोण, तेही त्याच चहाच्या वेळी ठरवून घेतो.

दिवसा चालतो आणि रात्री बंद पडतो, ही तक्रार घेऊन बरेच फोन येतात. लोकांना वाटतं, कुणीतरी रात्री वायर काढतं. कारण वायरमध्येच असतं. 12 व्होल्टचा पुरवठा बारीक तारेतून लांबवर नेला की वाटेत दाब पडतो. दिवसा कॅमेऱ्याला तेवढा पुरतो. अंधार पडला की इन्फ्रारेड पेटतो, करंट जास्त ओढला जातो आणि कॅमेरा मान टाकतो. गोठ्यापर्यंत, विहिरीपर्यंत जायचं असेल तर मी नेटवर्क केबलमधूनच वीज देणारी पीओई पद्धत वापरतो. तिचा दाब 48 व्होल्टच्या आसपास असतो, म्हणून शंभर मीटरपर्यंत काळजी नसते. त्यापुढे फायबर.

फायबरचं आणखी एक कारण आहे, आणि ते जतपासून कोरेगावपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे: वळीव. एप्रिल-मे महिन्यात दुपार कलली की आभाळ भरून येतं आणि विजा सुरू होतात. गेटपासून बंगल्यापर्यंत तांब्याची लांब केबल असली की वीज जवळपास कुठेही पडो, झटका केबलमधून आत येतो आणि डीव्हीआरचे पोर्ट जळतात. फायबर काचेचं, त्यातून झटका येत नाही. झटका जमिनीत सोडणारा सर्ज अरेस्टर बसवतो, पण त्याला नीट अर्थिंग नसेल तर तो नावाला. पुष्कळ घरांत अर्थिंगची तार मातीत खोचलेली असते आणि तिथली माती उन्हाळ्यात ठणठणीत कोरडी. आधी अर्थिंगचा खड्डा नीट करून घ्या, कॅमेरे त्यानंतर, असं मी स्पष्ट सांगतो.

मळ्यातल्या वस्तीवर विजेचा प्रश्न निराळा. शेतीच्या फीडरला वीज ठरावीक तास, तीही आठवड्यात कधी दिवसा कधी रात्री. तिथे सोलर पॅनेल, बॅटरी आणि सिमकार्डवर चालणारा कॅमेरा लागतो. द्राक्षबाग, मोटरची केबल, शेडमध्ये सुकत घातलेला बेदाणा, यांची राखण अशीच होते. पावसाळ्यात चार दिवस ऊन पडलं नाही तर बॅटरी किती टिकेल हे मी आधीच कागदावर लिहून देतो.

पाणी हा माझ्या कामातला सगळ्यात चिवट विषय. महाबळेश्वर, बामणोली, कोयनेच्या खोऱ्यात पाऊस वरून येत नाही, आडवा येतो. कॅमेऱ्यावर आयपी 67 लिहिलेलं असतं, आणि कॅमेरा खरोखरच पाणी आत घेत नाही. पाणी शिरतं ते मागच्या शेपटातल्या जॉइंटमधून. म्हणून प्रत्येक कॅमेऱ्यामागे बंद जंक्शन बॉक्स. भिंतीतलं भोक आतून बाहेर किंचित उतरतं पाडायचं, म्हणजे आत आलेला थेंब परत बाहेर जातो. आणि केबल भोकात शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्यायचा, साधारण वीतभर. वायरवरून ओघळत आलेलं पाणी त्या झोलाच्या तळाशी जमतं आणि तिथून टपकतं. वर चढून भोकात जात नाही. नंतर सिलिकॉन. हा झोल दिसायला ओंगळ दिसतो म्हणून गिऱ्हाईक तो आवळून घ्यायला सांगतात. मी ऐकत नाही. धो-धो पावसात खाली उभं राहावं आणि त्या झोलाच्या टोकाशी थेंब जमून सुटताना बघावा, मग कळतं की एवढ्याशा वाकणावर आतला सगळा सरंजाम अवलंबून आहे.

सांगलीत पाणी खालून येतं. कृष्णेच्या पाण्याची पातळी इथे आयर्विन पुलापाशी मोजतात. 1929 चा हा पूल, आणि 45 फूट ही त्याच्यापाशी धोक्याची पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. जुलै 2021 मध्ये पुन्हा धोक्याच्या रेषेच्या बरंच वर आलं. गावभाग, मारुती चौक, दत्तनगरकडच्या घरांत गेलं की मी आधी विचारतो, "2019 ला पाणी कुठवर होतं?" घरातलं लहान पोरगंसुद्धा भिंतीवर हात लावून दाखवतं. डीव्हीआर, पॉवर सप्लाय, इन्व्हर्टर, एकही वस्तू त्या हाताच्या खाली ठेवत नाही. जमलं तर वरच्या मजल्यावर, माळ्यावर. पूर आला की वीज तोडतात, त्यामुळे कॅमेरा त्या दिवसांत चालेल असा शब्द मी कुणाला देत नाही. पण घर सोडून निघेपर्यंतचं रेकॉर्डिंग शाबूत राहतं, आणि पाणी उतरल्यावर सिस्टीम पुन्हा सुरू करता येते. खालच्या कॅमेऱ्यांचे जॉइंट असे करतो की पुराची सूचना आली की घरातला कुणीही ते पिळून सोडवील आणि कॅमेरे वर नेईल. हे करून दाखवायला अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास मी कधी सोडत नाही.

आता जो विषय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो त्याकडे येतो. साताऱ्याच्या उपनगरातलं एक घर. सासरे, सासू, मुलगा, सून, दोन लेकरं. मागच्या परड्यातून चोर आला होता म्हणून मागे कॅमेरा हवा, हे सासऱ्यांचं म्हणणं रास्त होतं. मी शिडी लावून जागा बघत होतो तेव्हा सून पाण्याचा तांब्या घेऊन आली, आणि कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "दादा, तिथं मी धुणं धुते. लेकराला तिथंच अंघोळ घालते. हे सगळ्यांच्या मोबाईलवर दिसणार का?" दिसणार होतं. सासऱ्यांच्या, नवऱ्याच्या आणि पुण्यातल्या दिराच्याही. मी खाली उतरलो आणि सासऱ्यांना म्हणालो, "आबा, चोर कंपाउंडवरून येतो, धुण्याच्या दगडावरून नाही. कॅमेरा उलटा लावू, घराकडे पाठ आणि कंपाउंडकडे तोंड." तसाच लावला. दगडाचा जो थोडा भाग चित्रात येत होता त्यावर प्रायव्हसी मास्कची काळी पट्टी टाकली, ती रेकॉर्डिंगमध्येही कायम राहते. सुनेनं काही विचारलं होतं हे मी आबांना सांगितलं नाही.

तेव्हापासून घरातल्या बायकांशी बोलल्याशिवाय मी मागच्या बाजूचा कॅमेरा पक्का करत नाही. दिवसभर ज्या त्या चित्रात वावरणार, त्यांचं मत शेवटी घेणं मला पटत नाही. आवाजाचंही तसंच. पडवीतल्या कॅमेऱ्याचा माईक चालू ठेवला तर दोन जावांचं बोलणं, शेजारणीशी काढलेलं सुखदुःख, सगळं हार्डडिस्कवर साठतं. गेट सोडून मी माईक बंदच ठेवतो.

भावकीतल्या जुन्या वाड्यांत हा प्रश्न आणखी टोकाचा होतो. वाईकडच्या एका वाड्यात दोन भाऊ, चौक सामाईक. एकाला चौकात कॅमेरा हवा, दुसऱ्याचं दार त्याच चौकात उघडतं. मी दोघांची एकत्र संमती मागितली. ती मिळाली नाही, तेव्हा रस्त्याकडच्या दारावर बाहेरच्या बाजूनं कॅमेरा लावून दिला आणि चौक मोकळा ठेवला. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं ऑगस्ट 2017 मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. पुढे एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांच्या वादात, दुसऱ्याच्या संमतीविना राहत्या भागात कॅमेरे लावता येणार नाहीत असं कोलकात्याच्या उच्च न्यायालयानं 2025 मध्ये म्हटलं, आणि सर्वोच्च न्यायालयानं त्यात हस्तक्षेप केला नाही. पण मला कायद्याआधी तो चौक दिसतो. तिथे दुपारी दोन्ही घरच्या बायका धान्य निवडत बसतात. कॅमेरा लागला असता तर त्या तिथे बसल्या असत्या का, हा विचार कॅमेरा लावणाऱ्यानं करायला हवा.

"जाणार कोण?" या दुसऱ्या प्रश्नाकडे लोक सहसा वळत नाहीत. जुन्या गावगाड्यात रात्रीची राखण रामोश्याकडे असे. तो जागायचा, हाळी द्यायचा, चोरी झाली तर माग काढत पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत जायचा, आणि माग लागला नाही तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येई. बघणं आणि जाणं एकाच माणसाकडे होतं. आता बघणं लांब गेलं आहे. कोइमतूरला रात्री दोन वाजता फोनवर गेटवरचा माणूस दिसला, तर मुलगा काय करणार? त्यासाठी ग्राम सुरक्षा यंत्रणा ही फार मोलाची गोष्ट आपल्या भागात रुजली आहे. एका टोल फ्री क्रमांकावर फोन केला की गावातल्या नोंदलेल्या सगळ्या फोनवर त्याच आवाजातला निरोप जातो. ज्या गावात ती चालू आहे तिथे मी आधी घरच्यांचे आणि शेजारच्यांचे नंबर नोंदले आहेत का ते बघायला सांगतो. त्यानंतर 112. आणि त्याही आधी, हाकेच्या अंतरावरचा एक माणूस. विट्याच्या आजींच्या बाबतीत तो त्यांच्या दिराचा नातू आहे. हालचालीचा निरोप मुलाच्या आधी त्याच्या फोनवर जातो.

कराड, पाटण, शिराळ्याकडे या प्रश्नाला वेगळं वळण आहे. ऊस वाढला की बिबट्या वस्तीजवळ येतो, पडवीतलं कुत्रं उचलतो, आणि ते कॅमेऱ्यात येतं. सकाळपर्यंत ती क्लिप पंचक्रोशीत फिरते, भलत्याच गावाचं नाव जोडून फिरते, आणि लोक काठ्या घेऊन उसात शिरतात. तो सगळ्यात धोक्याचा क्षण असतो, माणसासाठीही आणि जनावरासाठीही. क्लिप वन विभागाला द्या, गटावर टाकू नका, हे मी सिस्टीम ताब्यात देताना आवर्जून सांगतो. कॅमेऱ्यापेक्षा गोठ्याला चांगलं दार आणि अंगणात रात्रभर दिवा यांचा उपयोग तिथे जास्त होतो. तसं सांगून मी कॅमेरा न लावता परत आलेलो आहे.

ताब्यात देण्याचा दिवस माझ्या दृष्टीनं फिटिंगइतकाच मोठा. आमच्या धंद्यात सिस्टीम बसवणाऱ्याच्याच मोबाईलवर खातं उघडायची, पासवर्ड सगळीकडे एकच ठेवायची सवय आहे. गिऱ्हाईकालाही ते सोयीचं वाटतं. पण मग त्या घराचं अंगण, त्यांच्या जाण्यायेण्याच्या वेळा, हे सगळं माझ्या खिशात राहतं. हे बरोबर नाही. 2016 मध्ये मिराई नावाच्या मालवेअरनं जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले ते कंपनीचे मूळ पासवर्ड कुणी बदललेच नव्हते म्हणून, आणि त्यांच्या जोरावर ऑक्टोबरात अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. एप्रिल 2025 पासून आपल्याकडे नव्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचण्यांचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं आहे, ते चांगलंच आहे. पण घरमालकानं स्वतःच्या हातानं पासवर्ड टाकला नाही तर त्या प्रमाणपत्राचा काय उपयोग? मी तोंड फिरवून उभा राहतो, ते पासवर्ड टाकतात, मग माझ्या फोनवरून ते घर काढून टाकलेलं त्यांना दाखवतो.

दुसरी गोष्ट, क्लिप काढायला शिकवणं. साध्या 2 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला सेकंदाला 2 मेगाबिट धरले तर दिवसाला साडेएकवीस जीबी लागतात. चार कॅमेऱ्यांत 1 टीबीची हार्डडिस्क अकरा दिवसांत भरते आणि जुनं पुसून नवं लिहायला लागते. जत्रेला येऊन "मागच्या महिन्यात काय झालं ते बघू" म्हणणाऱ्याला तिथे काही सापडत नाही. त्यामुळे घटना घडली की त्याच दिवशी क्लिप बाजूला काढायची. पुरावा म्हणून ती चालायची असेल तर नुसती क्लिप पुरत नाही. जालन्याच्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीतला अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांचा खटला इथे आठवावा. उमेदवारी अर्ज मुदतीत भरला होता की नाही याचा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणावर येऊन ठेपला, आणि जुलै 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मूळ यंत्रच न्यायालयात आणलं नसेल तर अशा प्रतीसोबत कायद्यात सांगितलेलं प्रमाणपत्र हवंच. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 लागू झालं, त्यात त्या फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा अंकी ठसाही नोंदवावा लागतो. म्हणून मी म्हणतो, पोलीस येईपर्यंत डीव्हीआरचं खोकं खोलू नका, फाइलचं नाव बदलू नका, मोबाईलनं स्क्रीनचं शूटिंग करून तेवढंच जपून ठेवू नका.

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदारांनी घराच्या कॅमेऱ्यांबरोबर वजनकाट्यावर एक कॅमेरा लावून घेतला. काही व्यापारी माल उचलतात आणि पैसे न देता पसार होतात, हे या भागातलं जुनं दुखणं. गाडीचा नंबर रात्री हेडलाइटच्या झगमगाटात वाचता यावा म्हणून अरुंद भिंग, कमी उंची आणि जलद शटर असं सगळं जमवलं. पेनड्राइव्हवर क्लिप कशी घ्यायची हे मी त्यांना दाखवत होतो, पण शिकली त्यांची नववीतली मुलगी. तिनं आदल्या रात्रीच्या ट्रकची क्लिप काढली, नंबर मोठ्यानं वाचला, आणि मग स्क्रीनवरचं घड्याळ आणि हातातला मोबाईल शेजारी धरून विचारलं, "काका, हे घड्याळ दोन मिनिटं पुढं का?" डीव्हीआर इंटरनेटवरून वेळ जुळवत नव्हता. ती सेटिंग तिनंच उघडली, वेळ जुळवली, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती तपासायचं काम वहीत स्वतःच्या नावावर लिहून घेतलं.